मदत हवी आहे: काट्यावरचं ‘पाणी %’ आणि लघवीची घनता जुळत नाहीत

तालीम७४: पैलवान, वय २४, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. घरचा चरबी दाखवणारा डिजिटल काटा सकाळी चरबी १८, पाणी ५९.९ टक्के दाखवतो. संध्याकाळी सरावानंतर चरबी १४, पाणी ६२.८. म्हणजे घाम गाळून पाणी वाढलं? दिवसाला चार लिटर पाणी पिऊनही पहाटेच्या लघवीची घनता (शुद्ध पाण्याची १.००० धरून) १.०२४ येते. खरं कोणाचं धरायचं?

क्षारजल: पाण्याच्या आकड्यापुरतं बोलायचं तर काट्याचं नाही. १०० मधून चरबी वजा करा आणि ०.७३ ने गुणा: ८२ चे ५९.९, ८६ चे ६२.८. तुमचेच आकडे! चरबी सोडून उरलेल्या शरीरात साधारण ७३ टक्के पाणी असतं, हे गृहीत धरून काटा तोच आकडा उलटा करून दाखवतो. पाणी कमी पडलंय का, हे ज्या गृहीतकावरून ठरायला हवं तेच त्याने आधी पक्कं धरलेलं असतं.

काटा मोजतो तो फक्त विजेला होणारा रोध, तोही एका तळव्यातून दुसऱ्यात, म्हणजे मुख्यतः पायांचा. सरावानंतर कातडी गरम, तळवे ओले, पायांत रक्त जास्त, त्यामुळे रोध घटतो आणि चरबी ‘उतरते’. लिटरभर पाणी पिऊन लगेच उभं राहिलात तर रोध फारसा बदलत नाही, वजन मात्र किलोने वाढतं. काटा त्यातला बराचसा भाग चरबीच्या खात्यात टाकतो.

तालीम७४: मग १.०२४ म्हणजे पाणी कमीच ना?

मूत्रमापी: एवढ्यावरून नाही. १.०२० ची रेषा प्रसिद्ध आहे: घनता त्यावर गेली की पाणी कमी, असं धरतात. अमेरिकेत कॉलेजच्या कुस्तीत किमान वजनगट ठरवताना आधी ही चाचणी घेतात, मगच चरबी मोजतात, कारण पाणी उतरलेलं असलं की चरबीचा हिशेबही चुकतो. पण अंगात स्नायू भरपूर आणि आहारात प्रथिनं जास्त असली की लघवीत क्रिएटिनिन आणि युरिया हे टाकाऊ पदार्थ जास्त उतरतात आणि पाणी पुरेसं असूनही घनता चढते. त्यात पहाटेची लघवी मुळातच दाट.

अपवर्तनमापी (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून घनता दाखवणारं उपकरण) वापरत असाल तर आधी डिस्टिल्ड वॉटरवर १.००० येतं का पाहा. लघवीत बुडवायची रंग बदलणारी पट्टी असेल तर ती ०.००५ च्या टप्प्याने वाचते, त्यामुळे १.०२४ हा आकडा तिच्यावरून येऊच शकत नाही. रंगावर जायचं तर बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू नाही ना, हे बघा. ती लघवी पिवळीजर्द करते.

क्षारजल: भरवशाचं माप म्हणजे सकाळचं वजन. उठल्यावर शौचाला जाऊन, काही न पिता, कमीत कमी कपड्यांत, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांची सरासरी हा पाया. त्याखाली पाऊण किलोपर्यंतचा फरक रोजचाच समजा. वजन त्याहून उतरलंय, लघवी नेहमीपेक्षा दाट आहे, तहान लागली आहे: यांतल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर पाणी कमी असण्याची शक्यता आहे, तिन्ही असतील तर जवळपास नक्की.

सरावातला घाम असा काढा: आधीचं वजन ७४.०, नंतर अंग पुसून ७२.९, मध्ये प्यायलेलं ०.६ लिटर. एकूण १.७ लिटर (मध्ये लघवी झाली असेल तर ती वजा). पुढच्या काही तासांत १.१ लिटर आणि थोडं वर, पण जेवणातल्या मिठासोबत. एका दमात लिटर ढोसलं तर लघवी पाण्यासारखी होते, घनता १.००५ दिसते, आणि शरीरातली तूट मात्र पूर्ण भरत नाही.

तालीम७४: क्रिएटिन (ताकदीसाठीची पावडर) चालू आहे, त्याचा फरक?

मूत्रमापी: पडतो. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून एखादा किलो वाढतो, म्हणून जुनी सरासरी टाकून नवी काढा. आदल्या रात्री भात-पोळी जास्त झाली तरी वजन असंच वाढतं. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. काट्यावर अॅथलीट मोड असेल तर तो एकदाच निवडा आणि मध्येच बदलू नका, सूत्रच बदलतं.