नवजात बाळांची श्रवण चाचणी : सरकारी निधीच्या अर्जात नेमकं काय मांडायचं?

कानोसा

नमस्कार. मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, प्रसूती विभागाशी जोडलेली. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान घरी जाण्याआधी तपासले जावेत आणि त्याचा खर्च सरकारी निधीतून व्हावा, असा अर्ज करायचा आहे. सध्या माझ्याकडे फक्त एनआयसीयूतली (नवजात अतिदक्षता विभागातली) बाळं आणि ज्यांच्या घरात कुणाला जन्मापासून ऐकू येत नाही अशी बाळं पाठवली जातात. बाकीची येतात दीड-दोन वर्षांची झाल्यावर, "अजून बोलत नाही" म्हणून.

मसुदा चौदा पानांचा झालाय. ओएई यंत्र (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारं) कसं चालतं, किती अचूक आहे, दिवसाला किती बाळं तपासून होतील, सगळं लिहिलंय. विभागप्रमुखांनी वाचून एवढंच म्हटलं, "हा यंत्राचा अर्ज झाला, सेवेचा नाही." म्हणजे काय बदलू? कुणी असा अर्ज केला असेल तर कृपया सांगा.

जुनी ऑडिओलॉजिस्ट

ताई, तुमच्या विभागप्रमुखांनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. मी असे दोन अर्ज केले. पहिला परत आला, त्यावर समितीचा एका ओळीचा शेरा होता: "चाचणीत न उतरलेल्या बाळांचं पुढे काय?" तेव्हा खूप लागलं मनाला. पण तो प्रश्न रास्त होता.

समिती कुठलीही असो, ती चार गोष्टी शोधते. कोणासाठी, काय, कशाच्या ऐवजी आणि कशासाठी. आपण सगळे "काय" वरच पानं भरतो. तुमच्या अर्जाचा जीव तिसऱ्या प्रश्नात आहे. तुम्ही "काहीच नाही" च्या जागी ही सेवा आणत नाही आहात, आज जी जोखमीची बाळं तेवढी निवडून तपासली जातात, त्या पद्धतीच्या जागी आणताय. मग तिथेच लिहा की कायमचा श्रवणदोष हजारी एक ते तीन बाळांना असतो आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये जोखमीचं कुठलंच कारण सापडत नाही. म्हणजे आजची पद्धत कितीही नीट राबवली तरी निम्मी बाळं निसटणारच. हे वाक्य पहिल्या पानावर हवं.

आता "पुढे काय". एका महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय, ही १-३-६ ची चौकट तुम्हाला माहीत आहेच. अर्जात ती नुसती लिहू नका, तुमच्या विभागावर बसवून दाखवा. समजा हजार बाळं तपासली आणि पहिल्या फेरीत पन्नास "रेफर", म्हणजे पुन्हा तपासायला हवीत अशी, आली. त्यातल्या बहुतेकांचे कान चांगलेच असणार. त्यांना दुसऱ्यांदा कोण बोलावणार? बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी निदानाची चाचणी) कुठे होणार, तारीख किती दिवसांनी मिळणार? आली नाहीत तर फोन कोण करणार? फोन करणाऱ्या माणसाचं पदसुद्धा खर्चात धरा. माझ्या पहिल्या अर्जात ते नव्हतं.

वॉर्डातली एक गोष्ट सांगते, कारण समितीला ती पटली होती. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी बाळाच्या कानाच्या नळीत अजून तो पांढरा चिकट थर असतो. प्रोब लावला की यंत्र "रेफर" म्हणतं, आईचा चेहरा पडतो, आणि बाळाला काहीच झालेलं नसतं. तेच बाळ दुसऱ्या दिवशी, दूध पिऊन गाढ झोपलेलं असताना, पंखा बंद करून तपासलं की सहज "पास" होतं. आम्ही महिनाभर वहीत दोन रकाने ठेवले, चोवीस तासांच्या आतली बाळं एका बाजूला आणि नंतरची दुसऱ्या बाजूला. फरक डोळ्यांनी दिसत होता. दुसऱ्या अर्जाला ते पान जोडलं. स्वतःच्या वॉर्डातलं एक पान परक्या देशातल्या दहा शोधनिबंधांइतकं काम करतं.

एनआयसीयूतल्या बाळांसाठी फक्त ओएई लिहू नका. ओएई आतल्या कानातल्या पेशींचा प्रतिसाद टिपते. दोष त्यापुढच्या नसेत असेल तर बाळ "पास" होऊन घरी जातं. तिथे नसेचाही प्रतिसाद तपासणारी स्वयंचलित एबीआर (बेराचाच झटपट प्रकार) हवीच.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहा. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा चांगली वाढते, हे कोलोरॅडोतल्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं. इंग्लंडमधला २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास १२० मुलांचा होता. त्यात लवकर निदानाचा भाषेला फायदा दिसला, पण उच्चारात तसा फरक दिसला नाही. दुसरा अर्धा भाग लपवू नका. समितीत तो वाचलेला कुणीतरी असतोच.

आकडेमोड

मी खर्चाचे तक्ते तपासण्याचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. यंत्राची किंमत हा या सेवेतला लहान आकडा आहे. प्रोबच्या टोप्या, दरवर्षीचं कॅलिब्रेशन, रजेच्या दिवसांची बदली व्यवस्था हे धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जितकी मुलं शोधाल, तितकी श्रवणयंत्रं, स्पीच थेरपी आणि काहींना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं उपकरण) लागणार. तो खर्च दुसऱ्या खात्यातून जात असला तरी दाखवा. किमान पाच वर्षांचा तक्ता द्या. पहिल्या वर्षापेक्षा तिसरं वर्ष जड असेल तर तसंच दिसू द्या.

एका मुलाची आई

मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. माझ्या मुलाचं निदान बाविसाव्या महिन्यात झालं. तोवर दार आपटलं की तो दचकायचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तो आवाजाने नाही, जमिनीच्या हादऱ्याने दचकत होता. ताई, अर्जात श्रवणयंत्राबरोबर कानातल्या साच्यांचा खर्चही लिहा. बाळाचा कान वाढतो, दर काही महिन्यांनी नवा साचा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं आणि मूल ते ओढून काढतं. यंत्र मिळालं होतं, पण साच्यासाठी आम्ही किती खेटे घातले ते मलाच माहीत.

कानोसा

सगळ्यांचे मनापासून आभार. साच्यांचा खर्च माझ्या मसुद्यात कुठेच नव्हता, आजच घातला. यंत्राची नऊ पानं परिशिष्टात टाकतेय. उद्यापासून वॉर्डातल्या वहीत दोन रकाने आखते. बेराच्या तारखेसाठी सध्या सात आठवडे थांबावं लागतं, ते अर्जात आहे तसं लिहू की आधी तारखा कमी करून घेऊ?

जुनी ऑडिओलॉजिस्ट

आहे तसं लिहा, आणि ते चार आठवड्यांवर आणायला काय लागेल, ते त्याच परिच्छेदात मागा.