मदत हवी आहे: एनएमआरमधून ट्यूब बाहेर येईना, स्लॉट वाया चाललाय

विद्यानगरकर (संध्या. ६.४२)
एनएमआरवर (कंपाउंडची रचना तपासायचं चुंबकाचं मशीन) इजेक्ट दाबतोय पण सॅम्पलची काचेची ट्यूब वर येत नाही. स्क्रीनवर लिफ्ट (ट्यूब वर उचलणारी हवा) ऑन दिसतंय. माझा स्लॉट ६.३० ते ८.३०. पुढचा आता थेट पुढच्या आठवड्यात आणि सीडीसीएल३ (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म) मधलं कंपाउंड तोवर टिकणार नाही. ऑपरेटर सर पाचलाच गेले. आत ट्यूब आहे की नाही हेही नक्की कळेना. नसली तर मी माझी सरळ वरून सोडू का? लवकर सांगा.

शिमकॉइल (६.४५)
सोडू नका. आत एक ट्यूब असताना दुसरी टाकली की दोन्ही फुटतात. काच आणि सॉल्व्हंट प्रोबमध्ये (सिग्नल पकडणारा आतला भाग) उतरतं आणि सगळ्यांचं मशीन बंद पडतं. आधी लिफ्ट ऑफ करा. मग हे सांगा: मशीन कोणतं? कॅरोसेल (आपोआप ट्यूब बदलणारं चक्र) आहे की हाताने ट्यूब टाकायची? आधीचा स्लॉट कोणाचा होता, सॉल्व्हंट काय, तापमान किती? बोअरच्या (चुंबकातलं उभं भोक) तोंडावर हवा लागते का? लाईट गेली होती का?

विद्यानगरकर (६.४९)
४०० मेगाहर्ट्झ. हातानेच टाकायची. हवा लागत नाही. बाकी माहीत नाही.

डेल्टा७२६ (६.५१)
लॉगबुक टेबलावरच असेल, शेवटची ओळ वाचा. आणि लॉक विंडो उघडून स्वीप बघा. सॉल्व्हंटमधल्या ड्युटेरियमचा (जड हायड्रोजन) सिग्नल दिसला तर ट्यूब आत आहे. 'सॅम्पल डाऊन'च्या चिन्हावर भरवसा ठेवू नका, सेन्सर चुकतो. उलट बाजूनेही सावध: सिग्नल दिसला नाही म्हणून आत काही नाही असं समजू नका. फील्ड सरकलेलं असेल किंवा आधीच्याने ड्युटेरियम नसलेलं सॉल्व्हंट वापरलं असेल तरी काही दिसत नाही.

पन्हाळा_ऑरगॅनिक (६.५३)
बोअरमध्ये टॉर्च मारून बघ की भावा, दोन सेकंदांचं काम.

शिमकॉइल (६.५४)
कृपा करून टॉर्च नको. बॅटरीच्या सेलला स्टीलचं आवरण असतं. ४०० मेगाहर्ट्झ म्हणजे ९.४ टेस्ला, बोअरजवळ टॉर्च हातातून ओढली जाते. मोबाईल, डेंटल मिरर, चिमटा, स्टीलची पट्टी, यातलं काहीही वर न्यायचं नाही. चुंबक अतिवाहक आहे. लाईट गेली, कन्सोल बंद पडला, संगणक बंद पडला तरी फील्ड तसंच असतं, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही. जमिनीवर ५ गॉसची रेघ (चुंबकीय क्षेत्राची सुरक्षित हद्द) आखलेली असेल. त्या रेघेच्या आत खिसे रिकामे करूनच जायचं आणि पेसमेकर असलेल्याने अजिबात जायचं नाही.

विद्यानगरकर (६.५८)
लॉगबुक बघितलं. आधीची नोंद डीएमएसओ-डी६ (सॉल्व्हंट), व्हीटी (तापमान बदलून केलेला प्रयोग), ३५३ के (केल्विन). सुटल्याची वेळ लिहिलेली नाही. स्वीपमध्ये सिग्नल आहे, म्हणजे ट्यूब आत आहे. दुपारी पावसात लाईट एकदा जाऊन लगेच आली असं वॉचमन काका सांगतात.

शिमकॉइल (७.००)
हे आधी सांगायला हवं होतं, चित्रच बदललं. ३५३ हे सेट आहे की प्रत्यक्ष? तापमानाच्या विंडोत दोन आकडे असतात, दोन्ही सांगा. हीटर ऑन आहे की ऑफ? गॅस फ्लो किती दाखवतंय?

मिरज_एमआरआय (७.०१)
आमच्या स्कॅन रूममध्ये भिंतीवर लाल बटण असतं. ते दाबलं की चुंबक उतरतो. तुमच्याकडेही असेल. चुंबक उतरला की काहीही आत घालून ट्यूब काढता येईल.

शिमकॉइल (७.०४)
साहेब, हा सल्ला इथे लागू होत नाही. दवाखान्यातल्या एमआरआयला क्वेंचचं (चुंबकाचं फील्ड एकदम घालवायचं) बटण असतं ते चुंबकापाशी माणूस अडकला तर. प्रयोगशाळेतल्या एनएमआरला तसं बटण सहसा नसतंच. भिंतीवरचं लाल बटण कन्सोलची वीज तोडतं, चुंबकाला काहीही करत नाही. आणि क्वेंच झालाच तर द्रव हेलियम उकळून सातशेपटीहून जास्त वायू होतो, खोलीतला ऑक्सिजन ढकलला जातो. चुंबक पुन्हा थंड करून फील्ड चढवायला कंपनीचा माणूस, हेलियम आणि बरेच दिवस लागतात. एका ट्यूबसाठी तो विचारही नको.

मिरज_एमआरआय (७.०६)
बरं, माहीत नव्हतं. पण ऑक्सिजन मीटर वाजला तर बाहेर पळायचं, हे तरी दोन्हीकडे सारखंच.

शिमकॉइल (७.०७)
ते मात्र शंभर टक्के. नेहमीच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ ला अलार्म लावलेला असतो. वाजला की सगळं सोडून बाहेर, दार उघडं ठेवून, आणि आत राहिलेल्या कोणाला आणायला परत जायचं नाही.

विद्यानगरकर (७.०९)
हीटर ऑफ दिसतंय. सेट ३५३, प्रत्यक्ष ३२१ आणि हळूहळू उतरतंय. गॅस फ्लो शून्य. चुंबकाच्या वर एका नळीतून पांढरा धूर निघतोय, हे क्वेंच आहे का??

क्रायोजेन (७.११)
धूर किती आणि कोणत्या नळीतून? एकाच बाजूच्या नळीतून मंद वाफ असेल तर तो नायट्रोजन. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला सतत थोडा उकळत असतो आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत ती वाफ चांगलीच दिसते, भरल्यानंतर तर जास्तच. क्वेंच असा नसतो. कुकरची शिट्टी अडकून राहावी तसा मोठा आवाज, माथ्यावरून ढगच्या ढग आणि काही क्षणांत खोली पांढरी. तसं असतं तर तुम्ही टाईप करत बसला नसता. एक बघा, पण हात न लावता: नळीच्या तोंडाशी बर्फाचा गोळा तर जमला नाही ना? जमला असेल तर फोडायचा नाही, ऑपरेटरना कळवायचं. तोंड बंद झालं तर आत दाब वाढतो.

विद्यानगरकर (७.१३)
मंद आहे. बर्फ नाही. ट्यूबचं सांगा ना, ७.१३ झाले.

कागल_एमआयडीसी (७.१५)
बोअरला हवा नाही, गॅस फ्लो शून्य, दुपारी लाईट झटक्याने गेली. कॉम्प्रेसर ट्रिप झालाय. शेजारच्या खोलीत किंवा जिन्याखाली असेल, आवाज येतोय का बघा. नंतर दोन गेज वाचा: एक कॉम्प्रेसरच्या टाकीवर, दुसरा ड्रायरनंतर कन्सोलकडे जाणाऱ्या लाईनवर. तीन फेजचा कॉम्प्रेसर असेल तर झटक्याने सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर पडलेला असतो, शेतातल्या मोटारीला असतो तसाच. हिरवं बटण दाबायच्या आधी

साठ_मेगाहर्ट्झ (७.१६)
मूळ प्रश्न वेगळाच आहे. कॉलेजांनी बेंचटॉप एनएमआर घ्यावं. कायमचं चुंबक, हेलियम नाही, नायट्रोजन नाही, कॉम्प्रेसर नाही, टेबलावर मावतं. एमएस्सीच्या निम्म्या सॅम्पलना ६० किंवा ८० मेगाहर्ट्झ पुरतं आणि मग ४०० वर अशी रांग लागत नाही.

डेल्टा७२६ (७.१८)
रिॲक्शन झाली की नाही एवढंच बघायला पुरतं. ॲरोमॅटिक भागात पाच-सहा प्रोटॉन एकमेकांवर बसले की ६० वर काय वाचणार? कपलिंगचं अंतर हर्ट्झमध्ये तेवढंच राहतं, पीकांमधलं अंतर मात्र ४०० पेक्षा जवळजवळ सातपट आखडतं. शिवाय कार्बनच्या स्पेक्ट्रमला तासन्‌तास लागतात. इथे माणूस अडकलाय, खरेदीची चर्चा वेगळ्या धाग्यात करा.

साठ_मेगाहर्ट्झ (७.१९)
रांग हेच तर कारण आहे अडकण्याचं. रांग नसती तर तो घाईने दुसरी ट्यूब टाकायला निघाला नसता.

कागल_एमआयडीसी (७.२०)
माझं अर्धं राहिलं. हिरवं बटण दाबायच्या आधी स्क्रीनवरचं लिफ्ट ऑफ आहे ना, पुन्हा खात्री करा. लिफ्ट ऑन राहिलं आणि कॉम्प्रेसर चालू झाला तर पूर्ण दाब एकदम येतो, ट्यूब वर उडते आणि खाली काचेवर पडते. दुसरं म्हणजे फिल्टरचा वाडगा बघा. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. ते न काढता हवा सोडली तर पाणी थेट प्रोबपर्यंत जातं.

शिमकॉइल (७.२२)
सगळं बरोबर, एक भर: कॉम्प्रेसरचं बटण विद्यार्थ्याने स्वतःहून दाबायचं नाही. दारावर ऑपरेटर आणि इन्चार्ज सरांचे नंबर असतात, फोन करून त्यांच्या सांगण्यावरून करा. कामाच्या वेळेनंतर काम करायची परवानगी आणि आपत्कालीन फोन एकत्रच दिलेले असतात. सरांना राग येईल म्हणून फोन टाळू नका, न विचारता केलेल्या दुरुस्तीवरच ते जास्त चिडतात. आणि तुम्ही एकटे आहात का?

विद्यानगरकर (७.२४)
एकटा. सरांचा फोन लागला. त्यांनी गेज वाचायला सांगितले: टाकी १.८ बार, लाईन १.५ बार.

शिमकॉइल (७.२५)
लिफ्टला साधारण ५ ते ६ बार लागतात, तुमच्या मशीनवरच्या स्टिकरवरचा आकडा अंतिम. १.५ बारला स्पिनर (ट्यूब धरणारी बाहुली) हलणारच नाही. वॉचमन काकांना दाराशी थांबवा, रेघेच्या बाहेर.

पन्हाळा_ऑरगॅनिक (७.२७)
कॉम्प्रेसर नाही लागला तर प्लास्टिकच्या काठीला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून ट्यूबच्या टोपीला टेकवायची आणि ओढायची. बऱ्याच लॅबमध्ये करतात.

शिमकॉइल (७.२९)
करतात आणि त्यातूनच फुटतात. ट्यूबची भिंत पातळ असते, बोअर अरुंद. काठी टेकवताना थोडा जरी तिरका दाब पडला तर ट्यूब स्पिनरमधून खाली सरकते. स्पिनर वर राहतो, ट्यूब प्रोबच्या तळाला टेकते आणि तिथेच मोडते. काठीने काढायचंच असेल तर ते ऑपरेटरने, स्वतः उभं राहून.

पन्हाळा_ऑरगॅनिक (७.३१)
ऑपरेटर नसताना रात्रभर ट्यूब आत ठेवायची मग?

शिमकॉइल (७.३२)
हो. बंद ट्यूबमधलं डीएमएसओ रात्रभर आत राहिल्याने मशीनला काही होत नाही. २० अंशांच्या आसपास गोठतं खरं, पण प्रोब त्याहून गरम असतो. आणि आणखी एक प्रश्न: आधीच्याने कोणता स्पिनर लावला होता? निळा प्लास्टिकचा की पांढरा सिरॅमिक?

विद्यानगरकर (७.३५)
रॅकवर सिरॅमिक तसाच पडलाय. म्हणजे आत निळा असणार.

शिमकॉइल (७.३७)
मग दुसरं कारणही मिळालं. निळं प्लास्टिक जास्त तापमानाला फुगतं आणि बसतं तिथे घट्ट धरतं. ३५३ केल्विन म्हणजे ८० अंश, त्याला सिरॅमिकच हवा. हवा आली तरी लगेच ओढाताण करू नका. गॅस फ्लो नेहमीचा करा, सेट २९८ करा, प्रत्यक्ष आकडा ३०० च्या आसपास स्थिर होऊ द्या, मगच लिफ्ट.

कागल_एमआयडीसी (७.३८)
आणि चुंबकाचे पायही बऱ्याचदा हवेवर असतात, त्याच लाईनवर. दाब गेला की चुंबक खाली बसतो. हवा आल्यावर पाय पुन्हा उचलून स्थिर होऊ द्या, लगेच शिम (फील्ड एकसारखं करणं) केलं तर वाया जातं.

विद्यानगरकर (७.५८)
सर फोनवर होते. वाडग्यातलं पाणी सोडलं (बरंच होतं), प्रिव्हेंटर रीसेट केला, कॉम्प्रेसर चालू. लाईन ५.४ बार. प्रत्यक्ष ३०१.

शिमकॉइल (८.००)
घड्याळ, बेल्ट, किल्ल्या, पाकीट रेघेबाहेर. प्लास्टिकच्या पायरीवर उभे राहा, स्टीलच्या स्टुलावर नाही. तळहात बोअरच्या वर, झाकायचा नाही, फक्त वर. लिफ्ट ऑन, स्पिनर वर तरंगला की काठाला धरून सरळ वर उचला. वर आलेल्या ट्यूबचं टोक मोडकं असेल किंवा ओलं असेल तर लिफ्ट बंद, पुन्हा हवा नाही, स्पिन नाही. काचेचे कण हवेने शिमच्या नळीत पसरतात.

विद्यानगरकर (८.०६)
आली! अख्खी आहे. ट्यूबवर नाव आहे, रॅकला ठेवली. उरलेल्या वेळात माझं प्रोटॉन (हायड्रोजनचा स्पेक्ट्रम) होईल का? आणि सॅम्पल टिकवायचं कसं?

डेल्टा७२६ (८.०८)
१६ स्कॅनचं प्रोटॉन लॉक आणि शिम धरून दहा मिनिटांत होतं. घाईत या गोष्टी चुकवू नका: सॉल्व्हंट ०.६ मिली, म्हणजे ट्यूबमध्ये ४ ते ५ सेंमी. डेप्थ गेज लावूनच स्पिनरमध्ये बसवा, अंदाजाने नाही. ट्यूब बाहेरून आयसोप्रोपॅनॉलने पुसा, स्पिनरला बोटांचा तेलकटपणा लागला की पुन्हा हाच प्रकार. सॉल्व्हंटच्या यादीत सीडीसीएल३ निवडा, आधीचं डीएमएसओ तसंच राहिलेलं असेल. सगळ्या रेषा रुंद आल्या तर शिमवर वेळ घालवू नका, तांबं किंवा लोखंड उरलंय का बघा, सेलाइटच्या (गाळायची पावडर) छोट्या प्लगमधून गाळा.
टिकवायचं म्हणाल तर सीडीसीएल३ मधलं आम्ल कंपाउंड खातं. बेसिक ॲल्युमिनामधून सॉल्व्हंट गाळून घ्या आणि बाटलीत थोडं कोरडं पोटॅशियम कार्बोनेट ठेवा. मग बऱ्याचदा पुढच्या आठवड्यापर्यंतही चालतं.

पन्हाळा_ऑरगॅनिक (८.११)
ट्यूब ओव्हनमध्ये वाळवून घे आधी.

डेल्टा७२६ (८.१३)
नको. गरम ओव्हनमध्ये उभ्या किंवा तिरक्या ठेवलेल्या ट्यूब वाकतात, डोळ्यांना दिसत नाही, पण स्पिनरमध्ये डगमगतात. ॲसिटोनने धुऊन आडव्या ठेवून व्हॅक्यूममध्ये किंवा नायट्रोजनच्या झोताने वाळवायच्या. आणि क्रोमिक ॲसिडने धुवायच्या नाहीत, चिकटलेला क्रोमियम रेषा रुंद करतो.

क्रायोजेन (८.१५)
जाता जाता: धुराची जी नळी तुम्ही बघितली, तिथे नायट्रोजन आठवड्याला भरतात. तो सिलिंडर इमारतीच्या लिफ्टने वर आणताना कोणीही सोबत चढू नये. लिफ्टचं दार अडकलं तर आत ऑक्सिजन उरत नाही. एकाने खालून पाठवायचा, दुसऱ्याने वर उतरवून घ्यायचा आणि मधल्या मजल्यावर कोणी चढू नये म्हणून आत पाटी लावायची.

गोठा_आणि_गणित (८.१७)
लिक्विड नायट्रोजन कोल्हापुरात किरकोळ कुठे मिळतो? कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला लागतो.

क्रायोजेन (८.१९)
दूध संघाच्या पशुवैद्यकीय केंद्रात विचारा, त्यांच्या कंटेनरला तो नेमाने लागतो. थर्मासमध्ये घट्ट झाकण लावून आणू नका, स्फोट होतो. सैल झाकणाचाच कंटेनर. आणि गाडीच्या खिडक्या उघड्या.

विद्यानगरकर (८.२६)
प्रोटॉन झालं. ७.२६ चा (क्लोरोफॉर्मचा) पीक सरळ, रेषा बारीक. सर म्हणाले लॉगबुकमध्ये लिहून जा. काय लिहायचं?

शिमकॉइल (८.२९)
लाईट गेल्याची वेळ (काकांना विचारून), कॉम्प्रेसर बंद सापडल्याची वेळ, गेजचे दोन्ही आकडे, वाडग्यात पाणी होतं हे, प्रिव्हेंटर कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वाजता रीसेट केला, आतली ट्यूब कोणाची, कोणता स्पिनर, किती तापमान. आधीच्या माणसाचं नाव दोष द्यायला नाही, त्याला सिरॅमिक स्पिनरचं सांगता यावं म्हणून. सेट २९८ ठेवा, स्टँडर्डची ट्यूब आत टाका, लॉक लावून ठेवा, म्हणजे सकाळी येणाऱ्याला आत काय आहे ते कळेल.