रेड हॅटचं गणित आता सगळीकडे चालत नाही

वरती कुणीतरी विचारलंय की सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर) फुकट वाटला तर कंपनीने खायचं काय, आणि उत्तर आलंय की सपोर्ट विका, रेड हॅट बघा, लिनक्स मोकळं ठेवून त्याच्या सपोर्टवर पैसे कमावणारी कंपनी. खरंय, आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली ती काय उगाच नाही. पण ते गणित सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर बसायचं तेव्हाचं. आता भानगड अशी की जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सची, सोर्स कोड द्यायची अट लागू होते कॉपी दुसऱ्याला दिल्यावर, आणि ॲमेझॉनसारखे क्लाऊडवाले कॉपी देतच नाहीत, आपल्याच मशीनवर चालवून तासाच्या भाड्याने देतात, म्हणजे राबणार एक आणि गल्ला दुसऱ्याचा.

सर्च सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकची गंमत बघा, त्यांचं लायसन्स तर आणखी सैल होतं, अपाचे. २०२१ मध्ये वैतागून ते कडक केलं, तर ॲमेझॉनने जुना कोड उचलून ओपनसर्च नावाचं वेगळं बिऱ्हाडच थाटलं! रेडिस या डेटाबेसचंही २०२४ ला तेच, लगेच लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छताखाली त्याच जुन्या कोडवर वाल्की उभं राहिलं, नि वर्षभरानंतर रेडिसवाले एजीपीएल (जीपीएलचंच कडक भावंड) घेऊन गुपचूप ओपन सोर्सकडे परत. (गुपचूप नाही खरं तर, चांगला गाजावाजा करून.)

एजीपीएलमध्ये नेटवर्कवरून सर्व्हिस दिली तरी बदललेला सोर्स द्यावा लागतो, म्हणून काहीजण म्हणतात की हेच आधी का नाही वापरलं. पण मॉन्गोडीबी या डेटाबेसवाल्यांकडे एजीपीएलच होतं की, तरी त्यांना ते पुरलं नाही आणि २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचं आणखी कडक लायसन्स काढलंच.