रोबोकॉनच्या बेसला ४ मेकॅनम चाकं ठेवू की ३ ऑम्नी चाकांवर जाऊ?

प्रश्न (बेसवाला_एसई): सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, या वर्षी रोबोकॉनच्या (कॉलेजांची रोबोट स्पर्धा) टीममध्ये बेस, म्हणजे रोबोटचा खालचा चाकांचा सांगाडा, माझ्याकडे आलाय. २० बाय २० च्या अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइपची वेल्ड केलेली फ्रेम, ४ मेकॅनम (कडेला तिरके रोलर असलेली चाकं, न वळता आडवं पण जाता येतं), मोटरच्या शाफ्टवर सरळ चाक. पुढे-मागे मस्त जातो पण आडवा चालवला की वळतच जातो, दोन मीटरात वीतभर तिरका. प्रोग्रॅमिंगवाले म्हणतात मेकॅनिकलचा प्रॉब्लेम, मला वाटतं पीआयडीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कोडचा). सिनियर्स सांगा ना प्लीज, चाकंच बदलू का?

जुना_पासआउट: अरे थांब, आधी सपाट फरशीवर ठेव आणि प्रत्येक चाकाखालून कागद ओढून बघ. एखाद्याखालून अलगद निघाला तर पीआयडी कितीही ट्यून करा, काही होणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम थोडं तरी पिळतंच, मग फ्रेम डुगडुगत्या टेबलासारखी होते. मेकॅनमचे रोलर ४५ अंशात असतात ना, आडवं जाताना चाकांचे पुढचे-मागचे जोर एकमेकांना कापतात आणि बाजूचा तेवढा उरतो, त्यात एक चाक हलकं पडलं की हिशोब फिसकटला. पुढची दोन चाकं वेगळ्या आडव्या पाइपवर घे आणि तो पाइप मधोमध एका बोल्टवर झुलता ठेव, म्हणजे चारही चाकं टेकतील. बॅटरी एका टोकाला असेल तर मध्ये आण.

तिवई: ३ ऑम्नीचा (कडेला आडवे रोलर असलेली, बाजूलाही सरकणारी चाकं) फायदा खरा आहे, तीन पायांवर डुगडुग होतच नाही. पण वर उंच मेकॅनिझम येणार असेल तर कलंडायची भीती जास्त, त्यामुळे या वर्षीची थीम (स्पर्धेत रोबोटला दिलेलं काम) वाचून ठरव. २००८ ला एबीयू रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा थीमच दहीहंडीची होती, अशा वेळी उंचीचा विचार पहिला. ४ ऑम्नी चार कोपऱ्यांत ४५ अंशात लावल्या तर सरळ जाताना वेग चाकाच्या वेगाच्या साधारण १.४ पट मिळतो, पण ढकलायची ताकद त्याच प्रमाणात कमी.

लेथवाला: चाक मोटरच्या शाफ्टवर लटकवू नकोस रे, मनापासून सांगतोय. सगळं वजन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतं, आमचा शाफ्ट मॅचच्या आदल्या रात्री वाकला आणि बदली मोटर नव्हती. दोन बेअरिंगमध्ये वेगळा शाफ्ट घे, मोटर कपलिंगने जोड. ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर दाबून धरणारा बारका स्क्रू) असेल तर त्याच्याखाली शाफ्टला सपाट घासून घे, नाहीतर स्क्रू घसरतो आणि त्याने पण रोबोट असाच तिरका जातो.

बेसवाला_एसई: कागद लावून बघितला. मागच्या डाव्या चाकाखालून आरामात निघाला!! उद्या झुलता पाइप करायला घेतो, लेथवाला दादा बेअरिंगमध्ये अंतर किती ठेवू?