पाळलेला इग्वाना आगरात सोडावा का?

माडाखालचा: गुहागरजवळच्या आमच्या घरी हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, आहे. भाच्याने आणला तेव्हा वीतभर होता, आता शेपटीसकट चार फूट. भाचा शिकायला बाहेरगावी गेला आणि हा माझ्याकडे राहिला. पेटीत त्याला धड वळताही येत नाही. सकाळी काचेवर पांढरे ठिपके दिसतात, अंगातलं जादा मीठ तो नाकातून शिंकून टाकतो. पोफळींमागे पऱ्या (ओढा) आहे, पाला मुबलक आहे. तिथे सोडला तर? मनापासून विचारतोय, त्याच्याकडे बघवत नाही.

रेवस ते रेडी: सोडा. आमच्याकडे घोरपड खुराड्यातली अंडी पळवते, तरी तिला कोणी हात लावत नाही. हा तर पाला खाऊन राहणारा. एवढ्या जिवाला पेटीत कोंडणं पाप आहे. एकटा आहे, प्रजा कुठून वाढणार?

कातळफूल: कृपा करून सोडू नका. घोरपड इथलीच, उंदीर-खेकडे खाते, मेलेलंही खाते. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. फ्लोरिडात लोकांनी पाळलेले सुटले, काही सोडले, आणि आता ते बिळं करून कालव्यांचे काठ पोखरतात. तिथे कडक थंडी पडली की ते बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात, काही मरतातही. आपल्या किनाऱ्यावर तेवढी थंडी कुठे पडते? मादी एका खेपेला वीस-तीस अंडी सहज घालते, कधी त्याहून जास्त. पऱ्याची मऊ दरड तिला आयतीच.

रेवस ते रेडी: ताई, फ्लोरिडात हजारोंनी आहेत, इथे एक. वानर आणि रानडुकरांनी बागा संपवल्या, त्यावर बोला की.

कातळफूल: दादा, वानरांचा त्रास मीही भोगते. पण हा 'एकच' किती घरांत आहे, कुणाला ठाऊक? १९९५ च्या चक्रीवादळांनंतर कॅरिबियनमधल्या अंग्विला बेटाला उन्मळलेल्या झाडांवरून पंधराएक हिरवे इग्वाना येऊन लागले आणि तिथेच रुजले. तिथला मूळचा इग्वाना वेगळा, त्याच्याशी संकर होऊन आता त्याचाच वंश धोक्यात आहे. आपल्याकडची मोठी आफ्रिकी गोगलगाय बघा. १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणून एका बागेत सोडली होती. माझ्या पपईखाली पावसाळ्यात रोज संध्याकाळी बादलीभर वेचते मी.

खाडीपलीकडे: त्याच्याही जिवाचा विचार करा. पेटीत वाढलेला तो, कुत्र्यांपुढे टिकायचा नाही. त्यात कोणी घोरपड समजून काठी घालेल. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. याची मांसल, गळ्याखाली लोंबती झालर आणि कानाखाली नाण्याएवढी गोल खवली. पण अंधारात कोण बघतो? आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी घरी असेल तर त्याची नोंद करावी लागते. आधी वनविभागाला कळवा.

रेवस ते रेडी: कळवा जरूर. पण उत्तर येईपर्यंत तो पेटीतच सडणार असेल, तर मला पटत नाही.

माडाखालचा: पेटीत नाही ठेवत. जुनी गोठ्याची पडवी रिकामी आहे, आज तिला बारीक जाळी मारायला घेतली. आत फणसाची फांदी उभी केली आहे. दारातल्या जास्वंदीचा पाला आणि फुलं दिली, फुलं आधी संपवली. वनविभागात सोमवारी स्वतः जातो.