आतडं रिकामं केलं होतं का?

'टॅडपोलच्या (बेडकाच्या पाण्यातल्या पिल्लाच्या) अंगात पाण्याच्या शेकडो पट आर्सेनिक हे विषारी द्रव्य सापडलं, म्हणजे ते त्वचेतून शोषलं गेलं', या मुद्द्याशी मी सहमत नाही. थोडं त्वचेतून जातं, हे खरं. पण टॅडपोल दगडावरचं शेवाळ आणि तळाचा गाळ खरवडून खातात. त्यांचं लांबलचक, गुंडाळी झालेलं आतडं पोटाच्या पातळ कातडीतूनही दिसतं, आणि ते बहुतेक वेळा गच्च भरलेलं असतं. गाळातल्या लोहाच्या तांबूस थराला आर्सेनिक घट्ट चिकटतं. अख्खा टॅडपोल दळून मोजला की हा गाळही 'शरीरातलं आर्सेनिक' म्हणून आकड्यात येतो.

म्हणून नमुना घेतल्यावर आतडं रिकामं होण्यासाठी टॅडपोल २४ ते ४८ तास क्लोरीन नसलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवायला हवेत. तळापासून थोडी वर जाळी बांधायची, नाहीतर खाली पडलेली विष्ठा ते पुन्हा खातात आणि सगळी मेहनत वाया जाते. पाणी दिवसातून दोनतीनदा बदलायचं. फार दिवस मात्र ठेवू नये, कारण मग ऊतींमधलं आर्सेनिकही बाहेर पडू लागतं. सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे आतडं वेगळं काढून ते आणि उरलेलं शरीर स्वतंत्र मोजणं.

बेडकात रूपांतर होताना टॅडपोल खाणं थांबवतात, आतडं आखडतं आणि रिकामं होतं. त्यामुळे छोट्या बेडकात आर्सेनिक एकदम घटलेलं दिसलं तरी त्याने ते शरीराबाहेर टाकलं असं लगेच धरू नका. आणि आकडा ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे आधी बघा. टॅडपोलमध्ये सुमारे ९० टक्के पाणी असतं, त्यामुळे तिथेच दहापट फरक पडतो.