कर्णधार वस्तादानं नेमायचा की पोरांनी निवडायचा?

दहा नंबर:
आपला रग्बीचा हंगाम संपला. सर यंदा बाजूला होतायत, आणि जाता जाता पुढचा कर्णधारही त्यांनीच ठरवलाय. मला बोलायचंय ते याच्यावर. गेली सात वर्षं सर कर्णधार, प्रशिक्षक आणि खजिनदार, तिन्ही होते. कोल्हापुरासारख्या फुटबॉलच्या गावात रग्बीचा चेंडू घेऊन ते उभे राहिले नसते तर आपण एकमेकांना ओळखलंही नसतं. तरी माझं म्हणणं असं, की कर्णधार खेळाडूंनी मत देऊन निवडावा, प्रशिक्षक वेगळा असावा आणि हिशोब तिसऱ्याकडं असावा.

शेवटची मॅच आठवा. परतीचा पाऊस, आपण २ गुणांनी मागं, वेळ संपत आलेली आणि पोस्टच्या जवळजवळ समोर पेनल्टी मिळाली. किक बसली तर ३ गुण, मॅच आपली. सरांनी चेंडू कोपऱ्यात टचला, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर, मारायला लावला; मग लाईनआउट घ्यायचा, म्हणजे रेषेवरून आत फेकलेला चेंडू उडी मारून पकडायचा, आणि ट्राय करायचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडं टेकवायचा. लाईनआउटला चेंडू निसटला आणि मॅच गेली. आमच्यातल्या चौघांना तिथं पोस्टवर किक हवी होती. एकानंही तोंड उघडलं नाही. रग्बीत रेफ्रीशी बोलायचं ते कर्णधारानं, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडं कर्णधाराशी बोलायचीच भीती, कारण पुढच्या रविवारी संघ निवडणार तोच.

जुना प्रॉप:
भावा, अर्धीच गोष्ट सांगितलीस. मी स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून ढकलतात त्याच्या, पहिल्या रांगेत होतो. चेंडू साबणासारखा झालेला. त्याआधीच्या दोन्ही किक तुझ्याच, आणि दोन्ही बाहेर. तिसरीही गेली असती तर सगळं गाव तुझ्या नावानं बोटं मोडत बसलं असतं. सरांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं.

आणि मतदानाचं म्हणशील तर, तालमीत वस्ताद मतानं ठरतो काय? कुठला पैलवान कुठल्या जोडीत सोडायचा, कुणाला अजून सहा महिने नुसता जोर-बैठकांवर ठेवायचा, हे वस्ताद बघतो, कारण त्यानं पोराला रोज पहाटे बघितलेलं असतं. मतदान आलं की पेठ आडवी येणार. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठांची ईर्षा काय असते ते आपण लहानपणापासून बघतोय. ज्याच्या गल्लीतली पोरं जास्त, तो कर्णधार. हे आपल्या मैदानावर मला नको.

तालमीतून आलेला:
दादा, तालमीचा दाखला दिलात म्हणून लिहितो. मी स्वतः लाल मातीतला. वस्ताद हौद्याबाहेर उभा असतो. आत उतरून त्याच पैलवानाबरोबर तो जोडीत लढत नाही. सर दोन्हीकडं होते. स्क्रममध्ये डोकं घातलेल्या माणसाला विंगवर, मैदानाच्या कडेला, कोण मोकळं आहे ते दिसणार कसं?

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी माझ्यामुळं किती पेनल्टी गेल्या त्याला हिशोब नाही. एकेरी पट, दुहेरी पट हे पाय धरायचे डाव अंगात भिनलेले, त्यामुळं टॅकल लगेच जमला. खाली घुसायचं, हातांनी कवळ घालायची, माणूस पाडायचा. पण कुस्तीत पकड सोडली की डाव गेला, आणि रग्बीत समोरचा पडला की त्याला तिथंच सोडायचं, स्वतः बाजूला व्हायचं. माझे हात सुटायचेच नाहीत. सर लांबून ओरडायचे, "नियम पाळ!" मला कळलं ते आठ नंबरमुळं. तो दर वेळी मी पडलो की कानात म्हणायचा, "सोड, सोड, ऊठ." दोन मॅचमध्ये सवय मोडली. त्याच आठ नंबरला आता सरांनी कर्णधार नेमलंय. माणूस योग्य आहे. पण तो योग्य का, हे आम्हाला सरांपेक्षा जास्त माहीत आहे.

हुकरची आई:
कर्णधार कोण, यात मी पडत नाही. ऑगस्टमधल्या मॅचला माझ्या मुलाचं डोकं आपटलं. उठला तेव्हा तो भलत्याच बाजूला उभा राहिला. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला लगेच बाहेर घ्यायचं आणि त्या दिवशी परत आत पाठवायचं नाही, हा नियम मला आता पाठ झालाय. त्या दिवशी बदली हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला गडी, नव्हता. पहिल्या रांगेत शिकलेलाच माणूस लागतो, नाहीतर स्क्रममध्ये ढकलायलाच मिळत नाही, आणि ढकलणं हीच आपली ताकद. म्हणून त्याला आणखी पाच मिनिटं ठेवलं. सरांवर माझा राग नाही, दवाखान्यात रात्रभर तेच बसले होते. पण मॅच जिंकायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्याच हातात हा निर्णय पुन्हा देऊ नका. कडेला एक माणूस उभा करा, ज्यानं हात वर केला की पोरगं बाहेर. मग कर्णधार मतानं आणा, नाहीतर नेमून आणा.

जुना प्रॉप:
काकी, हे शंभर टक्के मान्य. त्या स्क्रममध्ये मी त्याच्या शेजारीच होतो. मीही बोललो नाही.

मुलींच्या संघातून:
मतदान म्हणताय, तर आम्हा अकरा जणींचं मत धरणार का? आत्तापर्यंतच्या सगळ्या चर्चेत पंधराचाच संघ आहे. पंधराच्या मॅचला बदली धरून तेवीसपर्यंत खेळाडू असतात आणि आपली मुलं एकोणीसच्या वर कधी जमली नाहीत. सेव्हन्स या रग्बीच्या छोट्या प्रकाराला सात खेळतात, पाच बदली, सात-सात मिनिटांचे दोन डाव. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे तो हाच प्रकार. आणि जुलैत गांधी मैदानात तळं साचलं की कोपऱ्यातली कोरडी पट्टी मुलांना आणि आम्ही कडेला पासिंग करत बसतो. याला कर्णधार जबाबदार नाही, पण हे ठरवणाऱ्यांत आमच्यातली एकही नसते. आम्हाला आमची वेगळी कर्णधार हवी, आणि मैदान वाटताना ती त्या बैठकीत हवी.

दहा नंबर:
ताई, तुमचं मत धरायलाच हवं. मी लिहिताना तुमचा विचार केला नव्हता, हे कबूल करतो.

दादा, किकचं खरं आहे. दोन्ही बाहेर गेल्या, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिसरीही कदाचित गेली असती. पण सरांनी माझ्याकडं वळून बघितलंही नाही. "मारतोस का?" एवढं विचारलं असतं तर मी स्वतःच नको म्हणालो असतो, आणि मग तो निर्णय आमचा सगळ्यांचा झाला असता. पेठेची भीती मलाही आहे. म्हणून हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकू, आणि ज्यांनी निम्म्याहून जास्त सराव केलाय त्यांनाच मत. आठ नंबरला माझी चिठ्ठी आत्ताच पक्की आहे.

जुना प्रॉप:
सरावाची अट घातलीस तर मी चिठ्ठीला तयार आहे. मुलींची चिठ्ठी मुलींची. रविवारी सराव झाल्यावर गंगावेशीत दूध प्यायला बसू तेव्हा सरांना मी घेऊन येतो. त्या पेनल्टीचं त्यांच्यासमोर बोल, इथं नको. चेंडूंच्या पोत्याची किल्ली अजून त्यांच्याकडंच आहे, ती कुणाकडं द्यायची हेही तेव्हाच विचारू.